कमिशन वाचलं, काम कुणी करायचं?

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कृषी प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या मांडवात एका दुपारी 'नवं यंत्र शेतकऱ्यापर्यंत का पोचत नाही' यावर चर्चा ठेवली होती. पुण्याहून आलेला एक तरुण अभियंता बोलायला उभा राहिला. त्याच्या कंपनीचं डवरणीचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं, बॅटरीवरचं यंत्र दोन हंगामांत मोजकंच खपलं होतं आणि तो वैतागला होता. म्हणाला, आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगल्या वस्तूची पारख नाही. दोन हजारांनी स्वस्त मिळालं की तो कसलाही डबा उचलतो. टाळ्या पडल्या. मग एका शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते उठले. शेतकरी अडाणी नाही, मधले दलाल चोर आहेत. कारखान्यातून थेट धुऱ्यावर माल द्या, मग बघा कसा खपतो! पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात, आणि बऱ्याचशा त्याच हातांच्या.

भांडण रंगलं, पण दोघांचं एका गोष्टीवर न बोलता एकमत होतं. या टोकाला यंत्र, त्या टोकाला शेतकरी, आणि मध्ये जे काही आहे तो नुसता अडथळा. माझा आक्षेप याच गृहीतकाला आहे. अभियंत्यांनी उभी केलेली कंपनी थेट गिऱ्हाइकाकडे जायला निघते तेव्हा ती मधल्या माणसाचं कमिशन वाचवते, पण तो माणूस जे काम करत होता ते कुणाकडेच सोपवत नाही. ते काम तसंच पडून राहतं आणि पहिल्याच पावसाळ्यात कंपनीच्या अंगावर येतं. यंत्र किती चांगलं आणि शेतकरी किती शहाणा, हे प्रश्न त्यानंतरचे.

हे मी बाहेर बसून बोलत नाही. अशाच एका कंपनीत मी चार वर्षं होतो. नाव सांगत नाही. ती आता नाही. आम्हीही डवरणीचंच यंत्र केलं होतं. पहिल्या वर्षी काळ्या जमिनीनं आम्हाला रडवलं. ओल असताना चाकांत माती अशी गच्च बसायची की यंत्र जागच्या जागी घसरायचं. आम्ही चाकांची फाकं बदलली, खरडणी बसवली, वजन मागं सरकवलं. तो प्रश्न सुटला. असे प्रश्न अभियंत्यांना सुटतातच, कारण ते वहीत मांडता येतात. न सुटलेला प्रश्न आर्णीजवळच्या एका शेतकऱ्यानं पहिल्याच प्रात्यक्षिकात विचारला होता. यंत्र चालवून पाहिलं, खूश झाला, पोराला बोलावून दाखवलं, आणि मग म्हणाला, "सारं खरं हाये भाऊ, पन बिघडलं तं कोन येईन?" आमच्या विक्रीप्रमुखांनी त्याला टोल-फ्री नंबर दाखवला. तो हसला. रागानं नाही; लहान पोर काहीतरी बोललं की हसतात तसं.

त्या हसण्याचा अर्थ मला पुढच्या जुलैत कळला. आमच्या हमीपत्रात लिहिलं होतं: 'तक्रार नोंदवल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत दुरुस्ती.' हे वाक्य लिहिताना आम्हाला अभिमान वाटला होता, कारण मोठ्या कंपन्यांना सात दिवस जमत नव्हते. आता हे वावरात नेऊन पाहा. सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचं झालंय, आठवडाभराच्या झडीनंतर ऊन पडलंय, वाफसा आलाय, म्हणजे जमीन कामापुरती सुकलीय. हा वाफसा तीन दिवस टिकेल, फार तर चार. तेवढ्यात डवरणी झाली तर झाली. पुन्हा पाऊस लागला की तण पिकाच्या वर जातं आणि मग निंदणाला बाया मिळवता मिळवता जीव जातो. अशा चार दिवसांत आमचं यंत्र बंद पडलं आणि आम्ही सात दिवसांची हमी देऊन बसलो होतो! त्या शेतकऱ्याच्या हिशेबी आमचं यंत्र तीनशे एकसष्ट दिवस चालू होतं आणि जे चार दिवस त्याला हवे होते त्या दिवशी बंद. त्यानं शेजाऱ्याची बैलजोडी भाड्यानं आणली. पुढच्या वर्षी आमचा फोन उचलला नाही. यात पारख नसल्याचं लक्षण कुठं दिसतं? उलट त्याची पारख आमच्यापेक्षा पक्की होती. त्यानं पहिल्याच दिवशी नेमकी तीच गोष्ट विचारली होती.

हीच गोष्ट तालुक्याच्या कृषी केंद्रातून घेतलेल्या साध्या फवारणी पंपाची पाहा. सकाळी पंप दगा देतो, दहा वाजता शेतकरी तो दुकानाच्या फळीवर आदळतो आणि चार शिव्या घालतो. दुकानदार त्या ऐकून घेतो. मग मागून दुसरा पंप काढून देतो, "घेऊन जा, हा नीट झाला की पाहू." दुपारी फवारणी सुरू. शिवाय पैसे? सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन पहिला कापूस घरात येईस्तोवर वहीत मांडलेले. आमच्या ताळेबंदात या माणसाचं नाव 'पंधरा टक्के' असं होतं. उधारी देणं, बदली माल ठेवणं, सुट्टे भाग सांभाळणं, शिव्या खाणं, आणि 'तुमच्या जमिनीत हे चालणार नाही, हे नका घेऊ' असं कधीकधी प्रामाणिकपणे सांगणं, एवढं सगळं त्या पंधरा टक्क्यांत होतं, हे आम्हाला तो नसल्यावर समजलं.

हिशेब मांडून दाखवतो, आकडे समजुतीपुरते. समजा यंत्र कारखान्यातून २० हजारांना निघतं आणि दुकानात २६ हजारांना विकलं जातं. कंपनी म्हणते, मधला काढू, २२ हजारांना थेट देऊ. शेतकऱ्याचे चार वाचले, आमचे दोन वाढले. कागदावर सगळ्यांचं भलं. मग एक तक्रार येते. नागपूरहून घाटंजीला माणूस पाठवायचा म्हणजे जाण्यायेण्यात दिवस गेला. त्याचा पगार, गाडी, जेवण धरलं की वाढलेले दोन हजार एका फेरीत संपले. तो पोचल्यावर कळतं की लागणारा भाग त्याच्या पिशवीत नाही. दुसरी फेरी. आता कंपनी त्या गिऱ्हाइकावर तोट्यात आहे आणि हंगाम अजून अर्धा बाकी आहे. त्यात हे यंत्र विकलं जातं जूनच्या महिनाभरात, पण बनवावं लागतं जानेवारीपासून. पाच महिने पैसा लोखंडात अडकलेला. दुकानदार असता तर एप्रिलात थोडा माल त्यानं उचलला असता, म्हणजे आपल्या पैशाचा थोडा भार त्याच्या पाठीवर गेला असता. थेट विक्रीत हा सगळा भार एकट्या कंपनीवर येतो, आणि नव्या कंपनीला असं ओझं पेलवत नाही.

मग शिकलेल्या, हुशार माणसांना हे आधी का दिसत नाही? मला वाटतं, याचं कारण त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकात आहे. आपल्याकडच्या बहुतेक अभियांत्रिकी कंपन्या दुसऱ्या कारखान्यांना माल देत वाढल्या. नागपूरजवळ बुटीबोरीत किंवा हिंगण्याला एखाद्या कारखान्याला पंप, गिअरबॉक्स, पॅनेल विकायचं असेल तर समोर खरेदी विभागातला माणूस असतो. तो ड्रॉइंग वाचतो, क्षमता तपासतो, तीन कोटेशनं घेतो. वस्तू बिघडली तर त्याच्याकडे मेंटेनन्सची माणसं असतात, स्टोअरमध्ये सुट्टे भाग असतात, दुसरा पंप जोडून तयार असतो. म्हणजे यंत्र चालतं ठेवण्याचं निम्मं काम गिऱ्हाईकच करत असतो, आणि विकणाऱ्याला वाटतं की आपलं यंत्रच उत्तम आहे. शेतकऱ्याच्या घरी मेंटेनन्स विभाग नसतो. असतो तो तालुक्याच्या गावातला, जळक्या मोटरीत नवी तार भरून देणारा रिवायंडिंगवाला, आणि त्याच्यासाठी आम्ही यंत्राच्या डब्यावर एक चकचकीत स्टिकर लावला होता: 'अनधिकृत व्यक्तीने उघडल्यास हमी रद्द.' दहा कोसांत यंत्र दुरुस्त करू शकणारा जो एकच माणूस होता, त्याला आम्ही छापून अनधिकृत ठरवलं.

आमच्याकडे कधीकाळी अवजार आणि त्याची निगा या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्याच. लोहार, सुतार बलुत्यावर काम करायचे. फाळ शेवटायचा, डवऱ्याची पास धार लावून घ्यायची, बंडीच्या चाकाला धाव बसवायची, आणि खळ्यावर धान्य मापलं जायचं. अवजार घेतलं म्हणजे वर्षाची दुरुस्तीही घेतली. या व्यवस्थेचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. लोहाराच्या पोरानं लोहारच व्हायचं आणि पाटलानं टाकलेल्या पायलीवर समाधान मानायचं, ही तिची दुसरी बाजू होती आणि ती मोडली हे बरंच झालं. पण अवजाराची किंमत ठरवताना निगेची किंमत आधी धरायची ही शेतकऱ्याची सवय तिथून आलेली आहे. ती अजून गेलेली नाही, आणि जावी तरी का?

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. कार्यकर्ते दलालांवर चिडले होते ते उगाच नाही. खताच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारणारं 'लिंकिंग' इथं कुणी अनुभवलेलं नाही? उधारीच्या भावात व्याज आधीच मिसळलेलं असतं, आणि ज्याच्या वहीत नाव आहे तो शेतकरी दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकत नाही. बोगस बियाणंही याच दुकानांतून विकलं गेलं. मधला माणूस संत आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण मधला माणूस वाईट आहे म्हणून त्याचं कामही फालतू आहे, असं म्हणता येतं का?

विदर्भानं हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापारी बाजूला, सरकार आणि शेतकरी समोरासमोर. हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. हमीभावानं अनेक वर्षं अनेकांना तारलंही. पण व्यापारी लुटत होता तरी दोन कामं करत होता: त्याच दिवशी रोख द्यायचा आणि अडीनडीला उचल द्यायचा. योजनेत चुकारे हप्त्यांनी, उशिरा येऊ लागले. दारात पोरीचं लग्न उभं असलेला माणूस कागदाच्या पावतीचं काय करणार? बाहेर भाव चढला की कापसाच्या गाड्या रात्रीतून आदिलाबादकडे, मध्य प्रदेशाकडे निघू लागल्या. व्यापाऱ्याला कायद्यानं हटवता आलं, पण रोख रकमेची गरज हटली नाही. तीसेक वर्षांनी ती मक्तेदारी मोडीत निघाली तेव्हा व्यापारी आपल्या जागी परत आला, जणू मधल्या काळात पाणी प्यायला गेला होता.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. कुणी म्हणेल, थेट विक्री चालते हे तर डोळ्यांसमोर आहे. शाओमीनं २०१४ साली भारतात दुकानांशिवाय, फक्त ऑनलाइन फोन विकायला सुरुवात केली आणि बघता बघता बाजार मारला. खरं आहे. पण फोन फुटला की तो जातो कुठं? दारव्ह्यापासून धारणीपर्यंत बसस्थानकासमोर काच बदलून देणारी टपरी आहे. दुरुस्तीचं जाळं आधीपासून उभं होतं, शाओमीला ते फुकट मिळालं. आणि तरीही पुढं तिला दुकानं उघडावी लागली, छोट्या गावांतल्या विक्रेत्यांकडे जावं लागलं. घरोघर विक्रीचं आणखी जुनं उदाहरण म्हणजे युरेका फोर्ब्स. १९८२ पासून टाय लावलेली पोरं दार वाजवून सतरंजीवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवून दाखवत होती. पुढं पाण्याचं ॲक्वागार्ड आलं. ही थेट विक्रीच होती, पण ती माणसांनी खच्चून भरलेली होती. दुकानदार काढला आणि त्याच्या जागी दहा पोरं उभी केली. आजची कंपनी दुकानदार काढते आणि त्याच्या जागी ॲप ठेवते.

आपला माणूस न ठेवता माल धडाधड विकला की काय होतं, याचं अलीकडचं चित्र ओला इलेक्ट्रिकचं. डीलर नको, सगळी दुकानं कंपनीचीच, अशी ही रचना. स्कूटर भरपूर खपल्या. काही काळ ती या बाजारात पहिल्या क्रमांकावर होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तिला नोटीस दिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात १० हजारांवर तक्रारी साचल्या होत्या. जवळजवळ सगळ्या निकाली काढल्या, असं कंपनीनं सांगितलं, तेही नोंदवतो. पण त्यानंतरच्या काळात बजाज आणि टीव्हीएस तिच्या पुढं निघून गेल्या. या कंपन्यांची स्कूटर तंत्रात फार वरचढ होती असं कुणी म्हणत नाही. त्यांच्याकडे गावोगावचे जुने डीलर होते आणि त्या डीलरांच्या मागच्या शेडमध्ये स्पॅनर घेऊन बसलेली माणसं होती.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न तर पुढंच आहे, जो त्या मांडवात कुणी विचारला नाही. बॅटरीचे बिननावाचे फवारणी पंप हजारांनी खपतात. ज्या कंपनीचं नाव डब्यावर नीट वाचताही येत नाही तिचा कसला आलाय सेवा विभाग? मग माझं म्हणणं तिथं का लागू होत नाही? मी हे बराच काळ डोक्यात घोळवलं आणि उत्तर एका रिवायंडिंगच्या दुकानात सापडलं. तिथं दाराशी असे पंप पडलेले असतात, पोटं उघडी टाकलेले. १६ लिटरची टाकी, १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी, आत डायफ्रॅमची छोटी मोटर. डबे वेगवेगळ्या रंगांचे, पण आतला ऐवज जवळजवळ सारखा. एकाची बॅटरी दुसऱ्याला बसते, मेलेल्या पंपाची मोटर जिवंत पंपात जाते. या पंपांची सेवा कंपनीनं बाजाराला देऊन टाकलेली आहे, स्टिकर न लावता. आमच्या यंत्राचं कनेक्टर मात्र आम्ही खास बनवून घेतलं होतं. पाणी आत जाणार नाही, उलटं लागणार नाही, असं देखणं, पाच पिनांचं. पुण्याबाहेर ते मिळत नव्हतं. सहा महिने त्यावर काम केलेल्या माझ्या सहकाऱ्याला मी हे कधी तोंडावर बोललो नाही, पण आमची कंपनी त्या कनेक्टरनं बुडवली असं मला अजून वाटतं.

तरी बाजार सगळं काम करत नाही, हेही इथंच सांगायला हवं. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कारणं अनेक सांगितली गेली: डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दोन-तीन औषधांची मिसळ, दमट हवा, आणि त्यांत नवे पंपही होते, ज्यांचा बारीक तुषार जुन्या हातपंपापेक्षा जास्त हवेत राहतो. पंप दुरुस्त करणारा होता, पण हा पंप हाती आला म्हणजे वाऱ्याकडे पाठ कशी करायची, नोझल कोणतं लावायचं, औषधाचं प्रमाण का बदलायचं, हे सांगणारा कुणी नव्हता. नंतर संरक्षक किट वाटले गेले. सप्टेंबरच्या उकाड्यात तो प्लॅस्टिकचा अंगरखा घालून तासभर पाठीवर सोळा लिटर वाहून पाहा, मग तो खुंटीला का लटकतो ते विचारावं लागणार नाही. समजावून देणं हाही यंत्राचाच भाग असतो. तो कारखान्याच्या दारातून निघत नाही, आणि स्वस्त बाजार तो पुरवत नाही. मग थेट विकणारी चांगली कंपनी तो पुरवणार की तीही पुठ्ठ्यात एक पत्रक घालून मोकळी होणार?

जुन्या लोकांना हे कळत होतं असं दिसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं म्हणत शेतकऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. ही गोष्ट आपण नेहमी चिकाटीचा धडा म्हणून सांगतो आणि तिच्या आधीचा भाग गाळतो. नांगर करण्याआधी हा माणूस बेळगावात सायकली विकत होता, दुरुस्त करत होता. म्हणजे बिघडलेली वस्तू घेऊन चिडून आलेलं गिऱ्हाईक त्यांनी कारखान्याआधी पाहिलं होतं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि दहाच वर्षांत तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. नांगर आणि कडबा कापायचं यंत्र करणाऱ्यांनी छापखान्याच्या नादी का लागावं? कारण गिऱ्हाइकाशी बोलत राहणं हे त्यांना धंद्यातलंच काम वाटलं. शेजारच्या खान्देशात भवरलाल जैनांचंही तेच. १९६३ साली सात हजारांच्या भांडवलावर रॉकेलची एजन्सी. ठिबकच्या नळ्या फार नंतर आल्या. दोघंही आधी विक्रेते होते, कारखानदार मागाहून झाले. आज आपण उलट्या टोकानं सुरुवात करतो आणि विक्री शेवटच्या महिन्यात 'बघून घेऊ' म्हणतो.

आणखी एक दाखला वर्ध्याशी नातं सांगणारा आहे. १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या होत्या. किंमत १५० रुपयांच्या वर नको. झोपडीत बसून चालवता यावा. नीट निगा राखली तर २० वर्षं टिकावा. आणि वर्षाकाठी भाग बदलण्याचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. दुरुस्तीचा खर्च मूळ अटीतच! पुढं सेवाग्रामात येऊन राहिलेल्या त्या म्हाताऱ्याला, चालवणाऱ्या बाईच्या शेजारी बसून यंत्राकडे कसं पाहायचं, हे ठाऊक होतं. बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. यावरून कुणी म्हणेल की अशा अटी म्हणजे अभियंत्याला बांधून पळायला लावणं. असेलही. पण आज सौर कृषिपंपाच्या योजनेत निम्मी अट तरी आलीच आहे: शेतकऱ्यानं सर्वसाधारण गटात १० टक्के भरायचे, महावितरणच्या पोर्टलवर यादीतून कंपनी निवडायची, आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. चांगली गोष्ट. खोट एवढीच की उरलेले पैसे सरकार देतं, त्यामुळे कंपनीचं लक्ष बिल निघण्याकडे राहतं आणि शेतकरी तिच्यासाठी फक्त लाभार्थी ठरतो. अशा योजनेवर वाढलेली कंपनी उद्या खुल्या बाजारात आली, तर गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं हे तिला पहिलीपासून शिकावं लागेल.

मग काय, डीलरच्या पाया पडायचं? नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल पाहा. रचना विद्यापीठाची, बनवणारे परवाना घेतलेले छोटे कारखानदार, वापरणारे गावातले तरुण आणि बचत गट. एमरीचा रूळ झिजला की तो कुठं न्यायचा हे घेणाऱ्याला घेतानाच माहीत असतं, कारण बनवणाऱ्याची शेड त्यानं पाहिलेली असते. बांगलादेशात पायानं चालवायचे पाणी उपसण्याचे पंप दहा लाखांच्या वर गेले, ते गावातला विक्रेता आणि बोअर घेऊन पंप बसवून देणारा मिस्त्री या दोघांनाही प्रत्येक पंपामागे चार पैसे सुटत होते म्हणून. दोन्हीकडे मधला माणूस आहेच. फक्त त्याची कमाई यंत्र बंद पडण्यावर किंवा उधारीच्या व्याजावर नाही, यंत्र चालू राहण्यावर आहे. कंपनीनं थेट विकावं, जरूर विकावं. पण जी रक्कम कमिशनमधून वाचेल तिच्यातला मोठा वाटा तिनं आधीच त्या रिवायंडिंगवाल्याच्या नावे लावून ठेवावा: त्याला शिकवावं, सुट्ट्या भागांचा एक खोका त्याच्या दुकानात भरून ठेवावा, आणि यंत्राचं बेअरिंग त्याच्या खणात असतं तेच निवडावं. हे परवडत नसेल तर ती कंपनी स्वस्त विकत नव्हती; आपला खर्च शेतकऱ्याच्या वाफशात ढकलत होती.

प्रदर्शनातून निघालो तसा आमच्या तालुक्यातल्या त्याच रिवायंडिंगच्या दुकानात गेलो. चाचा स्टूलवर बसून पाणबुडी मोटरच्या खाचांत तांब्याची तार भरत होते. वॉर्निशचा वास, भिंतीला टेकवलेली जळकी वायंडिंगं, वजनकाट्यावर जुनं तांबं. मागच्या पडवीत आमचं एक यंत्र उभं होतं, कुठल्याशा शेतकऱ्यानं दोन वर्षांपूर्वी आणून टाकलेलं. चाकांची फाकं अजून सरळ होती. डब्यावरचं स्टिकर शाबूत.

"याची मोटर चांगली हाये भाऊ," चाचा म्हणाले. "आत काहीतरी बारीकच असन. तुमच्या कंपनीले फोन लावला होता तवा, लागतच नाही."

कंपनी बंद झाल्याचं मी सांगितलं. त्यांनी तार खाली ठेवली, हात पुसले आणि पेचकस उचलला.

"मंग खोलू का डब्बा? आता तं वारंटी रद्द करनारं बी कोनी नाही राह्यलं."